पिप्यावर 'जीएम' कुठं लिहिलंय? खाण्याच्या मालावरचं लेबल वाचायचं कसं आणि आपल्या मालावर लिहायचं कसं

दिवाळीआधीच्या आठवडी बाजारातून आमच्या गटातल्या एका ताईनं सोयाबीन तेलाचा पिपा आणला. घरी आल्यावर तो ओट्यावर ठेवला, चष्मा लावला आणि चारही बाजूंनी फिरवून फिरवून वाचला. शेंगांचं चित्र, हिरवा ठिपका, जीवनसत्त्व घातल्याचं निळं चिन्ह, चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच, पॅकिंगची तारीख, निव्वळ वजन, किंमत. सगळं होतं. मग तिनं मला हाक मारली. "ताई, ह्याच्यावर कुठंच लिवलं नाई ना वो! मंग हे तेल बीटीचं हाय का बिनबीटीचं?"

हिंगणघाटच्या आसपासच्या गावांमध्ये मी बचत गटांना पॅकिंग आणि लेबलच्या कामात मदत करते, आणि हा प्रश्न मला वर्षातून दहा-वीस वेळा तरी येतो. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं पीक, गावात त्यालाच सरसकट 'बीटी' म्हणतात. पाकिटावर 'जीएम' लिहिलेलं नाही, याचा अर्थ आत जीएम नाही असा होत नाही. आपल्या देशात या बाबतीत लेबल बहुतेक वेळा गप्प असतं. मग घटकांची यादी, माल कुठून आला आणि कोणत्या पिकाचा आहे, यावरून आपल्यालाच माग काढावा लागतो. तो कसा काढायचा हे इथं सांगते. त्यानंतर ज्यांना स्वतःच्या मालावर 'जीएम-मुक्त' छापायचं आहे, त्यांनी आधी काय तयारी करावी तेही सांगते.

आधी हायब्रिड आणि जीएम वेगळं करा

गावात सगळ्यात मोठा घोळ इथंच होतो. टपोरा टमाटा, हायब्रिड ज्वारी, बिनबियांचं टरबूज, तैवानची पपई, जे नवं दिसेल त्याला आपण 'बीटी' म्हणून मोकळे होतो. हायब्रिड म्हणजे एकाच पिकाच्या दोन वाणांचा संकर. हे काम परागीभवनानं होतं. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत दुसऱ्या कुठल्या तरी जिवाचं जनुक पिकात बसवणं. बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचं जनुक आहे. त्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक असं प्रथिन तयार करतं. (गुलाबी बोंडअळीनं त्यावर मात केली, हे आपण शेतात पाहतोच आहोत.)

भारतात शेतकऱ्यांच्या शेतात व्यापारी लागवडीखाली असलेलं मान्यताप्राप्त जीएम पीक एकच आहे, बीटी कपाशी. तिला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. बीटी वांग्याला २००९ मध्ये तज्ज्ञ समितीनं हिरवा कंदील दिला होता, पण देशभरात जनसुनावण्या झाल्या, त्यातली एक नागपुरात झाली, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. जीएम मोहरीच्या डीएमएच-११ वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणात सोडण्याची परवानगी मिळाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली.

म्हणून आपल्या शेतातली तूर, हरभरा, गहू, ज्वारी, हळद, मिरची यांवर शंका घेत बसू नका. सोयाबीनसुद्धा. जेएस ३३५ असो, फुले संगम असो की अकोल्याच्या विद्यापीठाचं पीडीकेव्ही अंबा, इथं पेरतो ते वाण जीएम नाहीत. हे मी गटात सांगते तेव्हा निम्म्या बायांचा विश्वास बसत नाही. तणनाशक मारूनही सोयाबीन तग धरतं, मग ते जीएमच असणार, असा त्यांचा हिशेब. पण आपण वापरतो ती तणनाशकं सोयाबीनला सोसणारी, निवडक असतात. परदेशातल्या जीएम सोयाबीनला ग्लायफोसेट हे तणनाशक सोसतं, आपलं सोयाबीन त्यानं जळून जातं. फरक तिथं आहे.

भंडारा-गोंदियाकडच्या धान उत्पादकांसाठी एक वेगळी गोष्ट. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातला एक आपल्याकडे ज्याला 'एक हजार दहा' म्हणतात त्या एमटीयू १०१० वरून तयार केलेला आहे. यात बाहेरचं जनुक शिल्लक राहत नाही, झाडाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केलेला असतो, म्हणून मार्च २०२२ पासून अशा वाणांना जीएमच्या कडक नियमांतून वगळलेलं आहे. हे योग्य की अयोग्य यावर वाद आहे. लेबलच्या भाषेत मात्र तो तांदूळ जीएम धरला जात नाही.

कायद्यात काय आहे

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चं कलम २२ म्हणतं की कायद्यानं आणि त्याखालच्या नियमांनी मुभा दिल्याशिवाय जीएम अन्न कोणी बनवू, विकू किंवा आयात करू नये. लेबल आणि पॅकिंगचं कलम २३. वजनमापे खात्याच्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१३ पासून असं ठरलं की जीएम अन्न असलेल्या पाकिटाच्या दर्शनी भागात सर्वांत वर 'जीएम' ही अक्षरं असावीत. ऐकायला छान. पण किती प्रमाण असलं की लिहायचं, याची टक्केवारी त्यात नव्हती. मी इतक्या वर्षांत हजारो पाकिटं हाताळली आहेत, ती दोन अक्षरं एकदाही पाहिली नाहीत.

एफएसएसएआयनं, म्हणजे अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणानं, २०१८ च्या लेबल नियमांच्या मसुद्यात ५ टक्क्यांची मर्यादा सुचवली होती. २०२० च्या अंतिम लेबल नियमांत ते कलम आलं नाही. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये जीएम अन्नासाठी वेगळा मसुदा आला. त्यात एखाद्या घटकात १ टक्का किंवा त्याहून जास्त जीएम असेल तर तसं पाकिटावर लिहिण्याची तरतूद होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो सुधारून पुन्हा हरकतींसाठी ठेवला गेला. मसुदा म्हणजे कायदा नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. गावात येणारे काही सल्लागार मसुद्यातलं वाक्य कायदा म्हणून सांगतात आणि लेबल बदलण्याचे पैसे घेतात. छपाईला टाकण्याआधी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर अंतिम अधिसूचना निघाली आहे का, ते स्वतः पाहा.

मोहरीच्या त्या २०२४ च्या निकालात न्यायमूर्तींची मतं फाटली, तरी एका मुद्द्यावर दोघांचंही एकमत झालं: जीएम अन्नाच्या, विशेषतः खाद्यतेलाच्या आयातीत कलम २३ चं पालन झालं पाहिजे. आमच्या ताईचा पिप्याबद्दलचा प्रश्न थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे, आणि तिथं त्याला महत्त्व मिळालं आहे. मला याचा खरोखर आधार वाटतो.

आयातीबद्दल आणखी एक आदेश कामाचा आहे. २१ ऑगस्ट २०२० च्या या आदेशानं २४ पिकांचा माल परदेशातून आणताना तो जीएम नसल्याचं त्या देशाच्या सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. नकळत झालेली भेसळ १ टक्क्यापर्यंत चालते. तो मार्च २०२१ पासून अंमलात आला. यादीत सोयाबीन, मका, तांदूळ, गहू, बटाटा, पपई, सफरचंद आहेत, आपलं जवसही आहे. पण हे प्रमाणपत्र कच्च्या पिकासाठी आहे. त्या पिकापासून बनून आलेल्या तेलाला आणि पॅकबंद खाऊला ते लागत नाही, आणि आपल्या स्वयंपाकघरात नेमकं तेच येतं.

पाकीट हातात घेतल्यावर

पहिलं काम: समोरची बाजू सोडा, पाकीट उलटं करा. समोर जाहिरात असते, मागे माहिती. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते, म्हणजे जे जास्त ते आधी.

दुसरं: त्या यादीत चार पिकं शोधा. सोयाबीन, मका, कपाशी म्हणजे सरकी, आणि कॅनोला, म्हणजे मोहरीच्या जातीचं परदेशी तेलबी पीक. जगातलं बहुतांश जीएम अन्न या चारांतून येतं. ही नावं सरळ येतात तशी आडवाटेनंही येतात. 'लेसिथिन' किंवा 'आयएनएस ३२२' हे चॉकलेट-बिस्किटांत असतं आणि बहुधा सोयाबीनपासून काढलेलं असतं. कॉर्न स्टार्च, कॉर्न सिरप, माल्टोडेक्सट्रिन बहुधा मक्याचे. ॲलर्जीची जी ओळ असते, 'यात सोया आहे' अशी, तिचा इथं फार उपयोग होतो, कारण सोया असेल तर ते सांगणं सक्तीचं आहे.

तिसरं: तेलाचं नाव वाचा. 'खाद्य वनस्पती तेल' एवढं म्हणून भागत नाही, कंसात कोणतं तेल ते लिहावं लागतं. पाम, शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल, राईस ब्रान, खोबरं असेल तर जीएमची काळजी सोडून द्या. ज्या ताईंना पाम तेल नको असतं त्यांची कारणं वेगळी आहेत, जीएम त्यात येत नाही.

सोयाबीन तेल असेल तर थोडं थांबा. आपण सोयाबीन पिकवतो, पण देशाला लागणाऱ्या सोयातेलाचा मोठा भाग अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतो, आणि तिथलं सोयाबीन जवळपास सगळं जीएम आहे. जीएम सोयाबीनच्या तेलाच्या आयातीला आपल्याकडे २००७ पासून परवानगी आहे. कच्चं तेल बंदरावर उतरतं, इथल्या रिफायनरीत शुद्ध होतं, पिप्यात भरलं जातं. मालावर प्रक्रिया होऊन त्याचं स्वरूप बदललं की प्रक्रिया झालेला देश हाच मूळ देश धरतात. त्यामुळे पिप्यावर 'भारतात उत्पादित' हे वाचून सोयाबीन भारतातलं आहे असं समजू नका.

त्यात आणखी एक गुंता आहे. रिफाइंड तेलात प्रथिन आणि डीएनए जवळजवळ उरत नाही, म्हणून तेल तपासून ते जीएम दाण्याचं होतं की नाही हे खात्रीनं सांगता येत नाही. युरोपनं यावर तोडगा काढला तो असा: तपासणीत सापडो न सापडो, दाणा जीएम होता तर तेलाच्या बाटलीवर लिहा. तिथं मर्यादा ०.९ टक्के आहे. अमेरिकेत २०२२ पासून 'बायोइंजिनिअर्ड' असं लिहायची सक्ती आहे, पण अति शुद्ध केलेल्या घटकात बदललेलं जनुक सापडत नसेल तर सूट मिळते. माझं मत युरोपच्या बाजूचं आहे. गिऱ्हाइकाला माल कसा आणि कशापासून बनला हे जाणून घ्यायचं असतं. यंत्रात काय दिसतं यावर त्याचा हक्क अवलंबून नसावा.

आता सरकी. इथं मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण हे आपल्या अंगणातलं आहे.

क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४-३५ किलो रुई निघते, आणि बाकीची बहुतेक सरकी. कोणत्याही जिनिंगच्या आवारात हंगामात गेलात तर रुईच्या गाठी शिस्तीत एकावर एक रचलेल्या दिसतात, आणि पलीकडे सरकीचा करडा डोंगर. त्यावर पोरं चढून घसरगुंडी खेळतात. त्या डोंगराला हात घाला. दाण्याला अजून बारीक लव चिकटलेली असते, बोटांना तेलकट लागतं. त्या डोंगरात कोणाच्या शेतातली कोणती सरकी आहे हे देवालाही सांगता यायचं नाही. आपल्या भागातली जवळपास सगळी कपाशी बीटी आहे. त्यात तणनाशक सोसणारी, परवानगी नसलेली 'चोरबीटी'ही आता मिसळलेली आहे. २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ती उघडपणे पेरली होती. तो तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा होता, शेतकऱ्याची त्यामागची तळमळ मला कळते. पण सरकी घाणीवर गेली की मान्य आणि अमान्य दोन्ही एकाच तेलात उतरतात, आणि ते कोणत्याच लेबलवर येत नाही.

या सरकीची ढेप आपल्या म्हशी खातात आणि तेल माणसं खातात. फरसाण, चिवडा, वेफर्सच्या पाकिटावर 'कॉटनसीड ऑइल' वाचलंत तर ते बीटी कपाशीचं असण्याचीच शक्यता जास्त. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं २०१८ मध्ये बाजारातले ६५ पदार्थ तपासले, त्यांतल्या ३२ टक्क्यांत जीएम सापडलं. त्यातले बहुतेक आयात केलेले होते. देशी मालात जिथं सापडलं ते सरकीचं तेल होतं.

ढेप खाल्लेल्या म्हशीचं दूध जीएम होतं का, असं दर बैठकीत कोणीतरी विचारतं. नाही. कडक समजल्या जाणाऱ्या युरोपातही जीएम चारा खाल्लेल्या जनावराच्या दुधावर किंवा मांसावर जीएम लिहावं लागत नाही. कोंबडीखाद्याचंही तसंच. ऑगस्ट २०२१ मध्ये कुक्कुटपालनासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली. दहा हजारांच्या घरात गेलेला आपला सोयाबीनचा भाव त्यानंतर कोसळला. नव्या मालाची आवकही त्याच सुमारास होती, पण तो घाव आपल्या भागात अजून विसरलेला नाही. अंड्याच्या ट्रेवर यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं.

चौथं काम परदेशी मालाचं. आता तालुक्याच्या दुकानातही परदेशी कॉर्न चिप्स, नाश्त्याचे मक्याचे पोहे, कॅनोला तेल दिसतं. अशा पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश असतो. मका किंवा सोया आहे आणि देश अमेरिका, कॅनडा, ब्राझील किंवा अर्जेंटिना आहे, तर जीएम असण्याची शक्यता धरूनच चाला. छापील लेबलवर आयातदाराचं स्टिकर चिकटवलेलं असतं. ते स्टिकर काही वेळा मूळ लेबलची नेमकी हवी ती ओळ झाकतं, हेही पाहा.

पाचवं, परवाना क्रमांक. चौदा आकड्यांपैकी पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या उत्पादकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे १५ असतील तर महाराष्ट्र, ०० असेल तर केंद्राचा परवाना. फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की उत्पादक खरा आहे की नाही ते कळतं. सुटं तेल घेत असाल तर यातलं काहीच हाती लागत नाही. राज्यानं सवलत दिल्याशिवाय खाद्यतेल सुटं विकायला मनाईच आहे, तरी बाजारात पिप्याच्या नळाला बाटली लावणारे दिसतात. तिथं माग काढणं संपलं.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दोन गोष्टी डोक्यातून काढा. फळावरच्या स्टिकरचा आकडा ८ नं सुरू झाला की ते जीएम, ही पहिली. तो आकडा जीएमसाठी राखून ठेवला होता, पण बाजारात तो वापरलाच गेला नाही. दुसरी म्हणजे बारकोड ८९० नं सुरू झाला की माल भारतात पिकलेला. ८९० एवढंच सांगतो की तो बारकोड भारतातल्या संस्थेकडून घेतलेला आहे.

आणि ज्यांना जीएम टाळायचंच आहे त्यांच्यासाठी सगळ्यात भरवशाचं चिन्ह 'जैविक भारत'चं. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या दोन्ही पद्धतींत, राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रम आणि शेतकरी गटांनी एकमेकांच्या शेतांची हमी द्यायची पीजीएस, जीएम बियाण्याला मनाई आहे. नुसतं 'नैसर्गिक', 'गावरान', 'शुद्ध' हे शब्द जीएमबद्दल काहीही सांगत नाहीत.

आपल्या मालावर लिहायचं असेल तर

आमच्या गटानं सोयाबीनचं पीठ काढलं तेव्हाची गोष्ट. दाणे उकळत्या पाण्यात घालून, वाळवून, दळून अगदी चोख माल केला होता. कोणीतरी सुचवलं, 'जीएम-मुक्त' छापा, शहरात भाव मिळतो. आम्ही पाचशे पाऊच छापले. पुण्याच्या एका खरेदीदारानं एकच प्रश्न विचारला: "कागद काय आहे?" आमच्याकडे कागद नव्हता. सोयाबीन खरंच जीएम नव्हतं, पण ते अडत्याकडून घेतलेलं होतं. कोणाच्या शेतातलं, कोणतं बियाणं, काही सांगता आलं नाही. त्या पाचशे पाऊचवर आम्ही चार बाया दोन दिवस पांढऱ्या पट्ट्या चिकटवत बसलो. तेव्हापासून मी हे काम याच क्रमानं करायला सांगते.

बियाण्यापासून सुरुवात करा. माल देणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याकडून बियाण्याचं बिल आणि पिशवीवरचा टॅग घ्या. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, पायाभूतचा पांढरा. टॅग पिशवीबरोबर फेकला जातो, म्हणून पेरणीच्या दिवशीच फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाकायला सांगा. घरचं बियाणं असेल तर ते मूळ कोणत्या वर्षी, कुठून आणलं ते शेतकऱ्याच्या सहीनं लिहून घ्या. सोबत सातबारा आणि ई-पीक पाहणीची नोंद, म्हणजे त्या गट नंबरात त्या हंगामात सोयाबीनच होतं हे दिसतं.

मग एक वही. भारी सॉफ्टवेअर लागत नाही, दोनशे पानी वही पुरते. तारीख, शेतकरी, गट नंबर, वाण, पोती, वजन, आणि या मालाला आपण दिलेला लॉट क्रमांक. पाऊचवरचा बॅच क्रमांक याच लॉटशी जुळला पाहिजे. गिऱ्हाइकानं बॅच सांगितला की पाच मिनिटांत शेतापर्यंत पोचता आलं पाहिजे. आमची वही आता तेलकट बोटांनी पिवळी पडली आहे, पण खरेदीदार आला की चहाच्या आधी तीच मागतो.

तिसरी गोष्ट यंत्राची. त्याच चक्कीवर बाहेरचा मका दळला असेल तर आधी चक्की झाडून घ्या आणि स्वतःच्या मालाचे पहिले काही किलो काढून बाजूला ठेवा. ते घरी वापरा, पाऊचमध्ये भरू नका. भाड्याच्या चक्कीवर आपला नंबर सकाळी पहिला लावून घेतला तर बरंच काम सोपं होतं.

तपासणी करायची तर दाण्याची करा, तेलाची नको. कारण वर सांगितलंच. लॉटमधल्या प्रत्येक पोत्यात परखी मारून थोडा थोडा दाणा काढा, एकत्र मिसळा, त्यातून नमुना द्या. वरच्या एका पोत्यातली मूठ म्हणजे नमुना नव्हे. प्रयोगशाळा एनएबीएल या, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेची हवी, आणि जीएमओ चाचणी तिच्या मान्यतेच्या कक्षेत आहे का ते आधी फोन करून विचारा. तिथं पीसीआर या डीएनए तपासण्याच्या पद्धतीनं '३५एस' आणि 'नॉस' हे बाहेरून बसवलेल्या जनुकासोबतचे डीएनएचे तुकडे शोधतात. बऱ्याच जीएम पिकांत ते असतात, सगळ्यांत नसतात, म्हणून सोयाबीन आहे हे सांगून त्यानुसार चाचणी मागा. छोट्या गटाला हा खर्च जड जातो. दर लॉटला नको, हंगामाला एकदा, तेही दोन-तीन गटांनी मिळून केली तरी चालण्यासारखं आहे. कागदपत्रं पक्की असतील तर तपासणी त्यांना दुजोरा देते. कागदच नसतील तर एकटा अहवाल फक्त त्या एका नमुन्यापुरता बोलतो.

आता शब्द. 'शंभर टक्के जीएम-मुक्त' लिहू नका, इतकी खात्री जगातली कोणतीही प्रयोगशाळा देत नाही. 'विषमुक्त', 'बीटी नसल्यामुळे आरोग्यदायी' हेही नको. दाव्यांच्या २०१८ च्या नियमांनुसार जे लिहाल ते सिद्ध करता आलं पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या लेबलला कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड आहे, खोट्या जाहिरातीला कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत. हळदीवर, तुरीच्या डाळीवर 'जीएम-मुक्त' छापण्यालाही माझा विरोध आहे. बाजारात जीएम हळद नाहीच, मग शेजारच्या गटाची हळद जीएम असावी असा उगाच संशय त्यातून पसरतो. आम्ही आता पिठाच्या पाऊचवर एवढंच लिहितो: 'हिंगणघाट तालुक्यात पिकवलेल्या, जीएम नसलेल्या सोयाबीनपासून. लॉटची माहिती मागितल्यास मिळेल.' ते सांगणं खरं आहे आणि त्यामागे वही आहे.

आणि हे सगळं बाकीच्या सक्तीच्या माहितीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे. मालाचं नाव, घटक, पोषणमूल्यं, हिरवा ठिपका, नोंदणी क्रमांक, पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, किंमत, बॅच, तारखा, तक्रारीसाठी संपर्क, आणि 'यात सोया आहे' ही ओळ. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते. मराठी जरूर लिहा, पण सोबत. कितीतरी गटांची सुंदर मराठी लेबलं केवळ या एका कारणानं अडकलेली मी पाहिली आहेत.

शंका आली, तर

पाकीट टाकू नका. बिल, पाकीट, बॅच क्रमांक आणि लेबलचे चारही बाजूंचे फोटो ठेवा. उत्पादकाचा ग्राहक-संपर्क पाकिटावरच असतो. आधी तिथं लेखी विचारा की तुमचा सोया, मका किंवा सरकीचा घटक कुठून येतो आणि तो जीएम आहे का. ईमेल पाठवा, फोनवरच्या गोड उत्तराचा पुढे उपयोग होत नाही. उत्तर आलं नाही, हीसुद्धा एक नोंद असते.

मग जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली तुम्ही ग्राहक म्हणूनही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकता, आणि माल नियमबाह्य निघाला तर ते शुल्क परत मिळतं. अर्जात 'हे तेल विषारी आहे' असलं काही लिहू नका, ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल. 'या पदार्थात सरकीचं तेल आहे, ते जीएम पिकाचं आहे का याची माहिती लेबलवर नाही, ती मला ग्राहक म्हणून हवी आहे,' इतकं नेमकं लिहा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये मालाच्या दर्जाची आणि शुद्धतेची माहिती मिळण्याचा हक्क दिलेला आहे. त्याचा उल्लेख करा.

माहिती अधिकाराचा अर्जही टाका. दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी प्रश्न असे लिहायला सांगते: आपल्या जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत जीएमसाठी किती नमुने घेतले, ते कोणत्या प्रयोगशाळेत पाठवले, निकाल काय आले. एका अर्जात तीनच प्रश्न, सुटे सुटे, प्रत्येकाला क्रमांक.

आमच्या त्या ताईनं पिप्याचं लेबल कात्रीनं कापून वहीत चिकटवलं आहे. त्याखाली तिनं उत्पादकाला पाठवलेल्या ईमेलची तारीख लिहिली आहे, आणि उत्तरासाठी अर्धं पान कोरं सोडलं आहे.